नवा 5 मिमीचा सूट घेतलाय, वजन किती बांधू?

प्रश्न:
माझ्या 14 स्कूबा डाइव्ह झाल्यात, सगळ्या भाड्याच्या 3 मिमी सूटमध्ये, कमरेला 6 किलो बांधून. गेल्या खेपेला शेवटी 5 मीटरवर सुरक्षेसाठी थांबताना मी सारखी वर जात होते, दोर धरून तीन मिनिटं काढली. आता स्वतःचा 5 मिमीचा सूट घेतलाय, बीसीडीही (हवा भरून-सोडून तरंगणं सांभाळायचं जॅकेट) घ्यायचाय. सरळ 10 किलो बांधू का?

उत्तर 1:
ताई, अंदाजाने चार किलो वाढवू नका. मी पहिली दोन वर्षं असंच जास्तीचं शिसं, म्हणजे वजन, घेऊन फिरलो. ते पेलायला बीसीडीत हवा भरावी लागायची, आणि 10 मीटरवरची हवा पृष्ठभागाशी येईपर्यंत दुप्पट फुगते. एकदा ती सोडायला उशीर झाला आणि 5 मीटरचा थांबा न घेताच मी वर फेकला गेलो. डाइव्ह कंप्युटरची ती पीप-पीप अजून कानात आहे.
टाकी कसली होती? वजन तपासलं होतं का?

प्रश्नकर्ती:
अ‍ॅल्युमिनियमची, 11 लिटरची. तपासलं होतं, पण सुरुवातीलाच, भरलेल्या टाकीवर.

उत्तर 1:
मग दोष तिथेच आहे. 200 बार दाबाला त्या टाकीत अडीच किलोहून थोडी जास्तच हवा असते. 50 बार उरेपर्यंत त्यातली दोन किलो तुम्ही श्वासावाटे संपवलेली असते, आणि अ‍ॅल्युमिनियमची टाकी तेव्हा तरंगायला लागते. डाइव्ह संपल्यावर, 50 बार असताना तपासा. बीसीडी पूर्ण रिकामा करा, पाय न हलवता पाण्यात उभ्या राहा, नेहमीसारखा श्वास भरून धरा. पाणी डोळ्यांच्या रेषेत हवं. श्वास सोडला की हळूच बुडायला हवं. नवा निओप्रीन (सुटाचं रबर) जास्त तरंगतो, म्हणून थोडं वाढेल; एकेक किलोने वाढवत न्या.

उत्तर 2:
बीसीडी निवडताना एवढं बघा: टाकी, शिसं सगळं लादून तुम्ही अंगातून काढलात, तरी तो एकटा तरंगला पाहिजे. सगळं वजन एकाच जागी नको. थोडं टाकीच्या पट्ट्यावर चालेल, पण बाकीचं एका हाताने झटकन सोडता आलं पाहिजे. हातमोजे घालून, डोळे मिटून बक्कल सोडून बघा. मला दुकानात जमलं, पाण्यात बीसीडीच्या वजनाच्या खिशाची मूठच सापडेना. दुसऱ्या दिवशी वजनाचा कमरपट्टा घेतला.

प्रश्नकर्ती:
रविवारी उथळ पाण्यात 7 किलोपासून सुरुवात करते. सूट, टाकी, पाणी खारं की गोडं, सगळं लॉगबुकात लिहून ठेवीन.