मदत हवी आहे: जानेवारीच्या चहाला कोणती कोबुकुसा न्यावी?

नमस्कार मंडळी, इथे कोणी जपानी चहाचा समारंभ शिकलेलं असेल तर प्लीज सांगा.

मी ओसाकाला असते, उरासेन्केच्या, म्हणजे चहा शिकवणाऱ्या एका घराण्याच्या, क्लासला जाते. जानेवारीत हात्सुगामा आहे म्हणजे वर्षातला पहिला चहा, सगळ्या बायका नटूनथटून येणार. दाट चहाचा वाडगा घेताना खाली जो छोटा रेशमी रुमाल धरतात ना, साधारण १५ सेंमी चौकोनी, ती कोबुकुसा. कमरेला खोचायची फुकुसा वेगळी, ती मोठी आणि एकरंगी, तिचं काही टेन्शन नाही.

क्योतोला कितानो तेनमांगू देवळात दर २५ तारखेला बाजार भरतो, तिथून तीन जुन्या कोबुकुसा घेतल्यात. एक शोचिकुबाइ, म्हणजे पाइन, बांबू आणि प्लमची फुलं, शुभ म्हणतात ते त्रिकूट, पण बरोबर मधल्या घडीवर सोनेरी जर उडून खालचं लाल रेशीम दिसायला लागलंय. दुसरी वाहत्या पाण्यावर मेपलची पानं, एकदम कोरी, आणि खरं सांगायचं तर मला हीच न्यायचीये. तिसरीवर साकुरा आणि मेपल एकत्र, हे काय गौडबंगाल आहे कळत नाही, वसंत की शरद? सेन्सेईंना, म्हणजे आमच्या बाईंना, विचारलं तर हसून म्हणतात जी आवडेल ती आण, म्हणजे काय समजायचं ते समजा.

आणि शोचिकुबाइची जर नीट करता येते का? शिवाय आईच्या विरलेल्या पैठणीच्या पदराची एक शिवली तर चालेल का?

प्रतिसाद:
मेपल नको. मोसमाच्या जरा आधी चालतं, मोसम उलटून गेल्यावर नाही, जानेवारीत शरदाची पानं सगळ्यांच्या डोळ्यात येतील, बोलणार कोणीच नाही. तिसरीला उनकिन म्हणतात, दोन्ही ऋतू असल्यामुळे ती वसंतातही वापरता येते आणि शरदातही. हात्सुगामाला मात्र डोळे झाकून शोचिकुबाइ न्या, जुनी असली तरी. नवीनच घ्यायची तर लाटांची सेइगाइहा किंवा कासवाच्या पाठीची किक्को बघा, शुभ पण आहेत आणि मोसमाची भानगड नाही.

जरीला हात लावू नका, धुवायचं तर नावच नको. ती आपल्यासारखी तार नसते, कागदावर सोन्याचा वर्ख चिकटवून त्याच्या बारीक पट्ट्या कापून विणतात, पाणी लागलं की सुटते.

पैठणीला नाही कोण म्हणेल, जपानी चहा-समारंभवाल्यांनी आपल्याकडची सारासा, म्हणजे छापील सुती कापडं, पूर्वीपासून चहाच्या डब्यांच्या पिशव्यांना वापरलीत. फक्त पदराची जर टोचते का ते गालावर फिरवून बघा. वाडगा नाजूक असतो, चरा पडला तर निस्तरणं महागात जाईल. आधी रोजच्या क्लासला काढा, सेन्सेई काय म्हणतात ते इथे टाका.