शब्दचर्चा: ‘ओपनिंग वीकेंड’ला मराठीत काय म्हणावं?

(मूळ प्रश्न आणि त्या धाग्यावर आलेली सभासदांची उत्तरं; प्रत्येक उत्तराला स्वतःचं शीर्षक आहे.)

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे आणि चारपाच शब्दांपाशी येऊन अडले आहे. मदत हवी आहे.

लेख डिसेंबर 2009 मधल्या एका शनिवार-रविवारचा आहे. मी तेव्हा फिलाडेल्फियात शिकत होते. 18 तारखेला, शुक्रवारी, जेम्स कॅमेरॉनचा ‘अवतार’ लागला. आम्ही सहा जणांनी शनिवारी रात्रीची थ्रीडीची तिकिटं काढून ठेवली होती. पण त्या दिवशी बर्फ जो सुरू झाला तो थांबेचना. शहरात 23 इंच बर्फ साचला. सिनेमा राहिला बाजूला, दाराबाहेर पाऊल टाकता येईना. मग घरात बसून आम्ही तिकीटविक्रीचे आकडे बघत राहिलो. रविवारी स्टुडिओचा अंदाज आला: 7 कोटी 30 लाख डॉलर. एवढा प्रचंड खर्च, इतक्या वर्षांची मेहनत, आणि नेमका त्याच दिवशी अर्धा पूर्व किनारा बर्फाखाली, या विचाराने फार वाईट वाटलं होतं. सोमवारी खरा आकडा आला तो 7 कोटी 70 लाखांचा. बर्फ उपसून लोक रविवारी थेटरात गेले होते! तो आनंद मला अजून आठवतो.

आता अडचण. माझ्या लेखातलं वाक्य असं झालं आहे: “ओपनिंग वीकेंडचं कलेक्शन आधी 73 मिलियन एस्टिमेट केलं गेलं, पण अ‍ॅक्च्युअल्स 77 मिलियन आले आणि सेकंड वीकेंडचा ड्रॉप फक्त 1.8 टक्के होता, म्हणजे फिल्मला लेग्ज होते.” (लेग्ज म्हणजे सिनेमा पुढेही टिकून राहणं.) सांगलीला आईला फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाली, “अगं, मला तोंडी सांगतेस तसं लिही की.” भाषांतराच्या एका यंत्राला विचारलं तर त्याने ‘उद्घाटन सप्ताहांत’ दिलं. ते मला मुळीच पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगता येत नाही.

उद्घाटन नको, सलामी घ्या

पटत नाही कारण उद्घाटन दुसरा कोणीतरी करतो. फीत पाहुणा कापतो, दुकान आपलं आपण उघडत नाही. सिनेमा लागतो. ‘लागला’ या क्रियापदात सगळं आलं: “भानुविलासला कुठला लागलाय?” असं पुण्यात सहज विचारायचे.

वर्तमानपत्रं ‘दमदार सलामी’ लिहितात, ते मला योग्य वाटतं. बहुतेकांना ते क्रिकेटमधून आलंय असं वाटतं, सलामीची जोडी वगैरे. पण दहीहंडीतली सलामी आठवा. पथक येतं, सात थर लावतं, वरचा गोविंदा हात वर करतो आणि हंडी न फोडता सगळे खाली उतरतात. ती सलामी. आमची ताकद एवढी आहे हे दाखवलं, हंडी अजून वरच आहे. पहिल्या तीन दिवसांचा आकडा नेमका एवढंच सांगतो.

सप्ताहान्त

हा शब्द माझ्या कानाला कधीच बसला नाही. सप्ताह म्हटलं की आमच्या गावात वीणा, पारायण आणि काल्याचं कीर्तन. त्याचा अंत कशाला करायचा? ‘शनिवार-रविवार’ हा चांगला मराठी शब्द आहे, एकच शब्द समजून वापरावा. अमेरिकेतल्या मोजणीसाठी शुक्रवारही हवा असेल तर ‘पहिले तीन दिवस’ लिहा. दशलक्षसुद्धा टाळा. 77 दशलक्ष वाचताना प्रत्येक मराठी माणूस मनात शून्यं मोजतो. धागालेखिकेने वर आपसूक 7 कोटी 70 लाख लिहिलंय, तेच लेखात ठेवावं.

कलेक्शन म्हणजे कमाई नव्हे

मी हिशेबतपासणीच्या क्षेत्रात आहे, म्हणून या शब्दावर जरा अडून बसते. बातमीत ‘चित्रपटाची कमाई’ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं ते पैसे निर्मात्याच्या खिशात गेले. तसं नसतं. आपल्याकडचं 236 रुपयांचं तिकीट घ्या. त्यातले 36 रुपये जीएसटीचे. 236 हे ढोबळ, 200 हे निव्वळ. त्या 200 मधून थेटराचा वाटा जातो, मग वितरकाचा, आणि उरलं तर निर्मात्याचं. अमेरिकेतही जाहीर होणारा आकडा तिकीटविक्रीचाच असतो. त्यातला मोठा हिस्सा चित्रपटगृहं ठेवून घेतात.

म्हणून ‘गल्ला’ हाच शब्द अचूक आहे. गल्ला दुकानाचा असतो, मालकाचा नफा त्यातून पुढे निघायचा असतो. शब्द अरबीतून फारसीमार्गे आलेला आहे आणि तिथे त्याचा अर्थ धान्य, शेताचं उत्पन्न. हिंदीत ‘गल्ले की दुकान’ म्हणजे आजही धान्याचं दुकान. आपल्याकडे धान्य मागे पडलं आणि पैशाची पेटी उरली. ‘गल्लाभरू’ या विशेषणाने या शब्दाला विनाकारण हलकं केलंय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गल्ल्यावर बसणारा माणूस दिवसभर राबलेला असतो.

वडिलांची डीसीआर

माझे वडील सोलापुरात एका चित्रपटगृहात बुकिंग क्लार्क होते. आता थेटर नाही आणि वडीलही नाहीत. या चर्चेमुळे त्यांचे शब्द आठवले, ते इथे नोंदवतो.

रात्री नऊचा खेळ सुरू झाला की ते डीसीआर लिहायला बसायचे. रोजच्या विक्रीचा तक्ता. खालचा वर्ग म्हणजे पिट, स्टॉल, बाल्कनी, प्रत्येकाचं पहिलं तिकीट कितव्या नंबरचं, शेवटचं कितव्या, मधली वजाबाकी, गुणिले दर, वजा करमणूक कर. शेजारी वितरकाचा प्रतिनिधी बसलेला असायचा, तो प्रत्येक आकडा तपासून सही करायचा. वडील ‘कलेक्शन’ म्हणायचे ते त्या तक्त्यातल्या शेवटच्या ओळीला. घरी आल्यावर आईला मात्र सांगायचे, “आज बारीवर मारामारी होती,” नाहीतर “आज पिटातसुद्धा माणूस नाही.”

‘तिकीटबारी’तल्या बारीचा अर्थ खिडकी, संस्कृत द्वारिकेवरून आलेला. पण पंढरपूरला दर्शनबारी म्हणतात ती रांग असते. मला लहानपणी वाटायचं की तिकीटबारी म्हणजे रांगच. आणि वडिलांच्या त्या वाक्यात ती रांगच होती, खिडकीवर मारामारी कशी होईल?

‘तिकीटबारी’ला धरून

बॉक्स ऑफिसमधला बॉक्स पैशांचा डबा, असं अनेकजण समजतात. शेक्सपिअरच्या काळी प्रेक्षकांकडून डब्यात पैसे घेत, ती गोष्टही सांगितली जाते. पण हा शब्द 18व्या शतकातल्या इंग्लंडातला आहे आणि बॉक्स म्हणजे नाट्यगृहातले खाजगी कक्ष, ते ज्या खोलीत राखून ठेवता येत ती जागा. जुन्या मराठी नाट्यगृहांतही ‘बॉक्सची तिकिटं’ असत. म्हणजे पैशांच्या डब्यापेक्षा ‘तिकीटबारीवर’ हा प्रतिशब्द मूळ अर्थाच्या जास्त जवळ आहे.

धागालेखिका

सगळ्यांचे आभार. सलामी आणि गल्ला, दोन्ही घेतले. दादा, तुमच्या वडिलांच्या डीसीआरचं वाचून वाटलं की आम्ही फिलाडेल्फियात बसून जो आकडा बघत होतो तो तशाच हजारो तक्त्यांची बेरीज होता. 3,452 चित्रपटगृहं होती त्या शुक्रवारी.

एस्टिमेट आणि अ‍ॅक्च्युअल्स राहिले. ‘अंदाज’ लिहिलं तर तो कोणीही बांधलेला वाटतो. इथे शुक्रवार-शनिवारचे आकडे हातात असतात आणि फक्त रविवारचा अदमासाने धरलेला असतो, मग तिघांची बेरीज रविवारीच जाहीर करतात.

नजरअंदाज

आमच्या बीडकडे यासाठी तयार शब्द आहे. पिकाची पैसेवारी काढतात, म्हणजे नेहमीचं पीक एक रुपया धरलं तर यंदाचं किती पैसे ते; जुने लोक आणेवारी म्हणतात. आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. पीक अजून उभं असतं तेव्हा पाहून ठरवतात, नंतर कापणीचे प्रयोग होतात. 50 पैशांच्या आत आली की दुष्काळी परिस्थिती. आमच्या घरात त्या आकड्याची वाट अशीच पाहिली जायची, तुम्ही सोमवारची पाहिलीत तशी. वर गल्ला म्हणजे धान्य हे वाचलं आणि वाटलं, हिशेब जुळला! रविवारचा आकडा नजरअंदाज, सोमवारचा अंतिम.

उत्तम, पण...

पैसेवारीची उपमा फार आवडली. लेखात वापरायला मात्र धोका आहे. हिंदी कानावर असणारा वाचक ‘नजरअंदाज’ म्हणजे दुर्लक्ष असंच घेणार, आणि परदेशात वाढलेल्या मुलांना तर तेवढाच अर्थ माहीत असतो. साधं ‘कच्चा आकडा, पक्का आकडा’ का नको? कच्ची पावती, पक्की पावती हे सगळ्यांना कळतं. कच्चा म्हणजे खोटा नव्हे, अजून वहीत चढलेला नाही एवढंच.

बीडवरून पुन्हा

मान्य. कच्चा-पक्का जास्त बरं.

‘लेग्ज’साठी शब्द शोधूच नका

तो आपल्याकडे आधीपासून आहे आणि इतका रोजचा आहे की दिसत नाही. सिनेमा ‘चालला’. इंग्रजीने पाय दिले, आपण थेट चालणं दिलं. मराठीत यशाचं क्रियापद हेच आहे आणि अपयशाचं ‘पडला’ किंवा ‘आपटला’, म्हणजे तेही चालणाऱ्याचंच. ‘धो धो चालला’मध्ये पाऊससुद्धा आला.

मला यात फक्त गंमत दिसत नाही. आपण सिनेमाचं यश किती काळ तग धरला यावर मोजत आलो. 25 आठवडे झाले की रौप्यमहोत्सव, 50 झाले की सुवर्णमहोत्सव. दादा कोंडके यांच्या 9 चित्रपटांनी रौप्यमहोत्सव गाठला म्हणून गिनेस बुकात नोंद झाली, पहिल्या तीन दिवसांच्या आकड्यावरून नाही. आता मराठी सिनेमांच्या बातम्याही सोमवारी सकाळी लिहिल्या जातात आणि त्याच दिवशी ‘हिट’ किंवा ‘फ्लॉप’ ठरवून मोकळे होतात. ‘चालला’ हा शब्द सोमवारी वापरताच येत नाही. त्याला थांबावं लागतं.

‘अवतार’ हा त्याचा सगळ्यात मोठा पुरावा. पहिल्या शुक्र-शनि-रविवारी 7 कोटी 70 लाख, दुसऱ्या खेपेला 7 कोटी 56 लाख. नाताळ होता हे खरं, पण तिसऱ्या खेपेलाही 6 कोटी 85 लाख. ओळीने 7 आठवडे पहिल्या क्रमांकावर. अमेरिकेतला पहिल्या फेरीचा एकूण गल्ला सुमारे 75 कोटी डॉलर, म्हणजे सलामीच्या पावणेदहा पट. शेजारी 2019 मधला ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ ठेवा: सलामी 35 कोटी 70 लाखांची, एकूण 85 कोटी 80 लाख, अडीच पटीच्याही आत. त्या वर्षी जुलैत त्याने जगभरच्या गल्ल्यात ‘अवतार’ला मागे टाकलं आणि मार्च 2021 मध्ये चीनमध्ये पुन्हा लागल्यावर ‘अवतार’ परत पुढे गेला. ‘मल्टिप्लायर’साठीही शब्द शोधत असाल तर ‘पट’ आहेच. पावणेदहा, अडीच असं सुटसुटीत सांगायची सोय इंग्रजीत नाही.

भवानी

उशिरा आले, पण हा शब्द राहिला. गुरुवारी मध्यरात्रीच्या खेळांना काय म्हणणार? दुकानदाराची दिवसातली पहिली विक्री ती भवानी. आमच्या मंडईत पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे कपाळाला लावून गल्ल्यात टाकतात. ‘अवतार’च्या मध्यरात्रीच्या खेळांनी 35 लाख डॉलर आणले होते आणि ते शुक्रवारच्या आकड्यात धरले गेले. भवानीही दिवसाच्या गल्ल्यातच जमा होते, वेगळी काढत नाहीत.

धागालेखिका

भवानी! हा शब्द माझी आजी वापरायची. कितीतरी वर्षांनी ऐकला.

परिच्छेद पुन्हा लिहिला आहे, कृपया पाहा:

“मध्यरात्रीच्या खेळांची भवानी 35 लाख डॉलरची झाली. शनिवारी बर्फ पडला. रविवारी पहिल्या तीन दिवसांच्या गल्ल्याचा कच्चा आकडा आला, 7 कोटी 30 लाख. सोमवारी पक्का आकडा 7 कोटी 70 लाख निघाला. सलामी चांगली झाली होती. पुढच्या शनिवार-रविवारी गल्ला 1.8 टक्क्यांनी घसरला, आणि मग सिनेमा ऑगस्टपर्यंत चालला.”

संध्याकाळी आईला वाचून दाखवणार आहे.

एकच सूचना

‘घसरला’ काढा. पावणेदोन टक्क्यांना घसरणं म्हणत नाहीत. ‘जेमतेम उतरला’ लिहा, आणि आईला तसंच वाचून दाखवा.