विद्यार्थीदशेतला कडका आणि 'चल ना, जेवायला जाऊ': तुमचे अनुभव लिहा

केतकी_मु
काल भाचीचा फोन आला होता. अमेरिकेत पीएचडीचं पहिलं वर्ष. म्हणाली, "मावशी, भाडं आणि किराणा भागतोय गं, पण दर शुक्रवारी सगळे बाहेर जेवायला जातात, त्याचं काय करू?" फोन ठेवला आणि मला आमचे विद्यापीठातले दिवस आठवले. २०१२ साल, जेआरएफ (पीएचडी करणाऱ्यांची सरकारी फेलोशिप) १६ हजार, तीही कधी येईल त्याचा नेम नाही. चार-चार महिने खडखडाट, मग एकदम जमा.

मेसचे पैसे आगाऊ भरलेले असायचे. एका वेळचा खाडा धरत नसत, सलग काही दिवस नसलात तरच वजा. म्हणजे रात्री मित्रमंडळींबरोबर हॉटेलात गेलं की एकाच जेवणाचे पैसे दोनदा! हा हिशोब डोक्यात बसला आणि माझं बाहेर खाणं आपोआप निम्म्यावर आलं.

खरा खड्डा पडायचा तो ट्रीटचा. वाढदिवस, नेटची परीक्षा निघाली, पेपर छापून आला, थीसिसचा सिनॉप्सिस झाला, की 'पार्टी दे'. शेवटी लॅबमधल्या एका ताईने दरपत्रकच लावलं: वाढदिवसाला चहा-क्रीमरोल, पेपरला वडापाव, नेटला मिसळ आणि थीसिस सबमिट केला तरच थाळी. गाईडसुद्धा ते पाळायचे. त्यांना पेपर आला की वडापाव त्यांच्याकडून.

तुम्ही काय करायचात? भाचीला लिंक पाठवणार आहे, जरा बरं लिहा.

खारी_बिस्कीट
रविवार रात्र!!! मेस बंद!!! इथल्या प्रत्येक पुणेकर हॉस्टेलवाल्याची ही जखम आहे. आम्ही दुपारची फीस्ट मुद्दाम अडीचला, मेस बंद व्हायच्या बेतात गाठायचो आणि असं जेवायचो की रात्री कोणी भुकेचं नावच काढू नये. तरी नऊला कोणीतरी म्हणायचंच, "भुर्जी?"

टीटीएमएम_भक्त
तुझं तू, माझं मी. विषय संपला. पुढचा धागा काढा.

डेटापॉइंट
@केतकी, भाचीसाठी लिहितोय, कामातून डोकं काढून, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

१) मेनूवरचा आकडा खरा नसतो. त्यावर टॅक्स, त्यावर १८-२० टक्के टिप. १५ डॉलरची डिश १९ च्या आसपास जाते.
२) आपण डाळ-भात खाणारे, दारू न पिणारे. टेबलावर कॉकटेलं चालू, आणि शेवटी कोणीतरी उदार मनाने म्हणतो, "सारखं वाटून घेऊ या." इथे मरण असतं. बसल्या बसल्याच वेटरला सांगायचं, माझं बिल वेगळं. तिकडे कोणालाही त्याचं काही वाटत नाही, लाज फक्त आपल्याला वाटते.
३) घरून खिचडी खाऊन जायचं आणि नंतरच्या कॉफीला सामील व्हायचं. गप्पांतली मजा तशीही जेवण झाल्यावरच सुरू होते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं कोणी सांगत नाही ते: बऱ्याच ठिकाणी असिस्टंटशिपचा (शिकवण्यात किंवा संशोधनात मदतनीस म्हणून केलेल्या कामाचा) पगार नऊच महिने असतो. उन्हाळ्यात काही मिळालं नाही तर मे ते ऑगस्ट काय खाणार? मी दर पगाराचा चौथा हिस्सा पहिल्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाकायचो. उरेल ते आपलं.

सेमिनारचा पिझ्झा हा वेगळा अध्याय. मी भूगर्भशास्त्राची व्याख्यानंही ऐकली आहेत, माझा विषय सांख्यिकी. एकदा तर प्रश्नही विचारला.

गॅसवर_दूध
प्रश्न विचारला 😂😂 ह.ह.पु.वा. (हसून हसून पुरेवाट) कसला प्रश्न तो तरी सांगा

डेटापॉइंट
"नमुन्याचा आकार किती होता?" कुठेही चालतो.

श्पेटीवाली
बर्लिनहून. इथे हॉटेलात पाणी विकत, आणि कधीकधी बिअरच्याच भावात. पहिल्यांदा बिल बघून नवरा (तेव्हा मित्र) तहानलेलाच घरी आला होता.

आमची सोय म्हणजे मेन्सा, विद्यापीठाचं कँटीन. विद्यार्थी कार्डावर दर वेगळा, पाहुण्याला वेगळा. दुपारी तिथे पोटभर, रात्री घरी पोळी नाहीतर ब्रेड. शुक्रवारी बारऐवजी श्पेटीतून, म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानासारखं असतं त्यातून, बाटल्या घ्यायच्या आणि कालव्याच्या काठी बसायचं. स्थानिक मुलंही तेच करतात, त्यामुळे कंजूष दिसत नाही. रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीचे २५ सेंट परत मिळतात. आमच्या फ्लॅटमध्ये पिशव्या भरल्या की त्या पैशांतून तेल-कांदे यायचे.

अजून एक. इथे वाढदिवस ज्याचा, त्यानेच केक न्यायचा असतो ऑफिसात. मी कुकरमध्ये रव्याचा केक केला. दरवर्षी तोच. आता मागणी आहे.

गॅसवर_दूध
कुकरची शिट्टी काढून ना? आणि खाली मीठ? माझा मधे बसतो नेहमी

श्पेटीवाली
शिट्टी आणि रिंग दोन्ही काढायची. दही ताजं घे, आंबट नको. विपूत (तुझ्या विचारपुशीत) लिहिते.

अण्णा_मिरजकर
तुम्हा मुलांचं वाचून मजा वाटली. आमचे वडील शिकायला पुण्यात आले तेव्हा वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. शनिवारचं घर मिळालं नव्हतं म्हणून शनिवारी उपास, आणि लोकांना सांगायचे मारुतीचा. पुढे नोकरी लागल्यावर आमच्याकडे दर गुरुवारी एक विद्यार्थी जेवायला असे. वडील कधी समोर बसत नसत. म्हणत, आपण समोर असलो की पोरगा दुसऱ्यांदा भात मागत नाही.

खारी_बिस्कीट
🙏 अण्णा, यावर एक स्वतंत्र लेख लिहा ना

पोस्टडॉक_पांडू
सगळे खर्च टाळायचं सांगताय, मी थोडा उलटा. गाईड, लॅब, गेस्ट स्पीकर यांच्याबरोबरचं जेवण टाळू नये. माझी पुढची नोकरी एका पोह्यांच्या बशीवर ठरली. टाळायचं ते 'बोअर होतंय, काहीतरी मागवू' हे. अ‍ॅपवर डिलिव्हरी, पॅकिंग आणि वर जीएसटी. मी अ‍ॅपच उडवलं, भूक लागली की चालत जायचं. अर्ध्या वेळा आळसाने जायचोच नाही.

आणि एरियर्सपासून सावध! जानेवारी २०२३ पासून जेआरएफ ३१ ची ३७ हजार झाली, फरक नंतर एकगठ्ठा आला. त्या आठवड्यात आमच्या मजल्यावर जे काही चाललं होतं ते बघून वाटलं, हे गरीब लोक नव्हेतच. महिनाअखेर पुन्हा सगळे माझ्याकडे चहाला.

अवनी_०७
आमचं अजून आलेलं नाही मार्चपासूनचं. ह्या धाग्यावर रडायचं नाही म्हणून गप्प आहे.

केतकी_मु
रड गं. त्यासाठीच आहे धागा. काही लागलं तर विपू कर, खरंच.

माटुंगा_लोकल
मुंबईकर कुठे गेले? आम्ही तिघं रिसर्च स्कॉलर, महिन्यातून एकदाच बाहेर जेवायचो, पण तेव्हा माटुंग्याला रामा नायककडेच. १९४२ पासूनचं उडुपी, केळीचं पान, अमर्याद. सकाळपासून फक्त चहावर राहून जायचो. बाकी महिनाभर करमणूक म्हणजे मरीन ड्राइव्हचा कट्टा, भाडं शून्य. कोणी पाहुणा आला की त्यालाही तिथेच न्यायचं आणि म्हणायचं, "मुंबईत हेच बघायचं असतं." वर शेंगदाण्याची पुडी.

टीटीएमएम_भक्त
पुण्यात आमचं मरीन ड्राइव्ह म्हणजे हनुमान टेकडी. प्रेमभंगापासून प्रीसबमिशनपर्यंत सगळं तिथेच झालं. खाली उतरलं की मात्र एफसी रोड लागतो, तिथे वाट लागते.

मृद्गंधा_क
मी 'बाहेर' म्हणून वेगळं पाकीट केलं होतं, खरोखरचं, कागदी. १ तारखेला दीड हजार आत. संपलं की सगळ्यांना उघड सांगायचे, "माझं पाकीट संपलं, माझ्या खोलीवर या, पिठलं करते." पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली. पुढच्या महिन्यात अजून दोघींनी पाकिटं केली. आम्हा सगळ्यांचीच चणचण होती, फक्त बोलत कोणी नव्हतं. हॉस्टेलवर इंडक्शन चालत नसे, तेव्हा पिठल्याचा वास वॉर्डनपर्यंत जाऊ नये म्हणून दाराखाली टॉवेल. वॉर्डन एकदा आल्याच. त्यांनी फक्त विचारलं, भाकरी कुठून आणली?

गॅसवर_दूध
मग??

मृद्गंधा_क
मग काय, त्यांनाही वाढलं.

नवा_पुणेकर
थोडं अवांतर, पण कोथरूडमध्ये महिनेवारी डबा देणारं कोणी आहे का चांगलं? मुलगा एमएस्सीला आलाय, तिखट चालत नाही.

खारी_बिस्कीट
कर्वे पुतळ्याच्या बाजूला बरेच जण आहेत. आधी आठवडाभराचाच लावा, महिन्याचे आगाऊ देऊ नका. आणि रविवारी रात्री देतात का ते पहिलं विचारा.

नवा_पुणेकर
धन्स. पोळ्या की फुलके, तेही विचारतो.