थंडीत एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांच्या अ‍ॅव्हरेजमध्ये इतका फरक का पडतो?

शाहूपुरीकर

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे २०१८ सालची, कार्बोरेटर असलेली १२५ सीसीची मोटारसायकल आहे. शाहूपुरीतील घरापासून पोवई नाक्याजवळच्या कार्यालयापर्यंत जेमतेम तीन किलोमीटर अंतर आहे आणि गाडीचा जवळजवळ सगळा वापर याच रस्त्यावर होतो. माझ्या मेहुण्यांकडे त्याच मॉडेलची, त्याच वर्षीची गाडी असून ते कोरेगावहून रोज साताऱ्याला येतात, म्हणजे एका वेळेला वीसेक किलोमीटर. दोन्ही गाड्यांची सर्व्हिसिंग एकाच गॅरेजमध्ये होते.

उन्हाळ्यात माझी गाडी लिटरला ५७-५८ आणि त्यांची ६० च्या आसपास जाते. एवढा फरक शहरातील रहदारीमुळे पडत असावा, असे मी आजवर धरून चाललो आहे. परंतु दिवाळीनंतर गारठा वाढू लागला की माझे अ‍ॅव्हरेज ५० वर येते आणि त्यांचे मात्र ५८ च्या खाली जात नाही. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून गेली की माझी गाडी आपोआप पूर्ववत होते. गॅरेजमधील कारागीर म्हणतात की मिक्स्चरचा स्क्रू थोडा फिरवून घ्या. शेजारचे काका म्हणतात की सकाळी पाच मिनिटे गाडी जागेवर चालू ठेवून मगच निघत जा. कार्यालयातील सहकारी सगळा दोष ई-२० पेट्रोलला (म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) देतात. यांपैकी खरे कारण कोणते आणि त्यावर काय करता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कृष्णाकाठ

थंडी दोन्ही गाड्यांना सारखीच आहे, तेव्हा या फरकाचे कारण तुमच्या तीन किलोमीटरांमध्येच शोधावे लागेल.

पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही, त्याची वाफ होऊन ती हवेत मिसळावी लागते. इंजिन गार असताना कार्बोरेटरमधून आलेल्या पेट्रोलचा बराचसा भाग इनटेकच्या नळीला आणि सिलिंडरच्या भिंतीला चिकटून राहतो. मग जळण्यापुरती वाफ मिळावी म्हणून चोक ओढून गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडावे लागते आणि त्यातील काही भाग अर्धवट जळून सायलेन्सरवाटे बाहेर जातो. त्यातच इंजिन ऑइल गारठ्याने घट्ट झालेले असल्यामुळे पिस्टन, क्रँक आणि गिअर फिरवण्यासाठी जास्त ताकद खर्च होते. १० अंशांना असलेले ऑइल आणि चांगल्या तापलेल्या इंजिनातील ऑइल यांच्या घट्टपणात कित्येक पटींचा फरक असतो. हवेवर थंड होणारे इंजिन पूर्ण तापायला थंडीत काही किलोमीटर घेते, आणि तुमचा प्रवास नेमका तेवढ्यातच संपतो.

आता थोडा हिशेब करू. लिटरला ६० जाणारी गाडी तापल्यावर तीन किलोमीटरला ५० मिलिलिटर पेट्रोल घेते. थंडीत गार इंजिन चालू करून ते तापेपर्यंत १० मिलिलिटर पेट्रोल जादा जाते असे धरा (हा आकडा केवळ हिशेबासाठी आहे). तीन किलोमीटरला ६० मिलिलिटर लागले, म्हणजे अ‍ॅव्हरेज बरोबर ५० झाले. तोच १० मिलिलिटरचा भार वीस किलोमीटरांच्या ३३३ मिलिलिटरमध्ये मिळवला, तर अ‍ॅव्हरेज ५८ च्या थोडे वर राहते. उन्हाळ्यात हाच भार २ मिलिलिटरवर आला, तर तुमची गाडी ५८ च्या जवळ आणि मेहुण्यांची ६० च्या जवळ जाईल. तुम्ही दिलेले चारही आकडे या एका गोष्टीने जुळतात, म्हणून दुसरे कारण शोधण्याची मला तरी घाई वाटत नाही. उन्हाळ्यातील जो फरक तुम्ही रहदारीच्या खात्यात टाकला आहे, त्याचाही काही भाग याच खात्यातला असू शकतो.

गार हवेची दुसरी बाजूही आहे. ३० अंशांच्या हवेपेक्षा १० अंशांची हवा सुमारे ७ टक्के दाट असते. इंजिन तापल्यावर त्याला प्रत्येक फेरीत तेवढा जास्त ऑक्सिजन मिळतो आणि म्हणूनच सकाळच्या वेळी मोकळ्या रस्त्यावर पिकअप चांगला वाटतो. पण तीच दाट हवा गाडीला आणि आपल्यालाही तितकाच जास्त विरोध करते. शाहूपुरी ते पोवई नाका या रस्त्यावरच्या वेगाला हा विरोध नगण्य आहे. पुणे-बंगळूर महामार्गावर ६०-७० च्या वेगाने जाणाऱ्याला तो पेट्रोलच्या खर्चात दिसू शकेल.

पाना-पक्कड

कृष्णाकाठ यांचा हिशेब मला पटला. तरीही कार्बोरेटरच्या गाडीत एक तपासणी केल्याशिवाय सगळे अंतरावर ढकलू नये, असे माझे मत आहे, कारण गाडी आता काही वर्षांची झाली आहे.

चोक परत बसवला म्हणजे तो खरोखर बंद झाला, असे जुन्या गाडीत गृहीत धरता येत नाही. केबलमध्ये गंज किंवा धूळ असली, तर चोकचा प्लंजर पूर्ण खाली बसत नाही आणि गाडी दिवसभर थोडे जादा पेट्रोल पीत राहते. उन्हाळ्यात चोकला कोणी हातच लावत नसल्यामुळे हा दोष तेव्हा दिसत नाही. गाडी चांगली आठ-दहा किलोमीटर चालवून, नंतर थंड होऊ देऊन स्पार्क प्लग काढून पाहा. तो फिकट तपकिरी असेल तर चिंता नाही. कोरड्या काळ्या काजळीने माखलेला असेल तर आधी चोक आणि एअर फिल्टर पाहून घ्या. फक्त शहरातल्या तीन किलोमीटरवर चालवून पाहिलेला प्लग काळसर निघणारच, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

मिक्स्चरच्या स्क्रूला मात्र हात लावू देऊ नका. तो स्क्रू मुख्यतः स्लो स्पीडला आणि थोड्या थ्रॉटलला लागणाऱ्या मिश्रणाचा आहे. थंडीत गाडी झटकन चालू व्हावी म्हणून तो फिरवून मिश्रण श्रीमंत, म्हणजे हवेच्या मानाने जास्त पेट्रोलचे, केले जाते, होळीनंतर तो पूर्वीच्या जागी आणण्याची आठवण कोणालाच राहत नाही आणि मग गाडी बाराही महिने जादा पेट्रोल खाते. सकाळच्या दोन मिनिटांसाठी जे पेट्रोल हवे, ते देण्यासाठीच चोक बनवलेला आहे.

पाच मिनिटे जागेवर चालू ठेवण्याचा सल्लाही मी देणार नाही. जागेवर उभ्या असलेल्या गाडीचे अ‍ॅव्हरेज शून्य असते. शिवाय इंजिनावर भार नसल्यामुळे ते सावकाश तापते आणि तोवर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढत राहते. गाडी चालू झाल्यावर अर्धा-एक मिनिट थांबावे, ती न बंद पडता चालू लागेल इतपतच चोक ठेवून निघावे आणि पहिला किलोमीटर-दीड किलोमीटर थ्रॉटल न पिळता हळू चालवून वाटेतच चोक पूर्ण बंद करावा. गार इंजिन जागेवर रेस करणे तर अजिबात टाळावे. पहिला गिअर टाकताना सकाळी जो झटका बसतो, तो क्लच प्लेट घट्ट ऑइलमुळे एकमेकींना चिकटल्याने बसतो. गाडी चालू करण्यापूर्वी क्लच दाबून दोन-तीन किका मारल्या की त्या सुटतात.

ऑइलचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. कंपनीच्या पुस्तकात १०डब्ल्यू-३० ही ऑइलच्या घट्टपणाची प्रत लिहिली असेल तर तेच घाला. “गाडी जुनी झाली, आता २०डब्ल्यू-५० टाकू” हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. त्याने साताऱ्याच्या थंडीत इंजिनाचे लगेच काही बिघडणार नाही, कारण २० डब्ल्यू प्रतीच्या ऑइलची गारठ्यातील चाचणी शून्याखाली १५ अंशांना घेतलेली असते. पण तीन किलोमीटरचा प्रवास असलेल्या माणसाला ते जाड ऑइल रोज सकाळी जाच करते. उलट अधिक पातळ हवे म्हणून मोटारकारचे ऑइलही आणू नका. बहुतेक मोटारसायकलींमध्ये क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या काही ऑइलमधील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे तो घसरू लागतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ (अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेले आहे का, एवढे पाहावे.

पसरणी घाट

मी वाईहून पाचगणीला नोकरीसाठी ये-जा करतो, त्यामुळे थंडीबरोबर उंचीचाही अनुभव रोज येतो. वाई सुमारे ७०० मीटरवर आणि पाचगणी जवळजवळ १३०० मीटरवर आहे. उंचीवर हवा विरळ होते, त्यामुळे खाली जुळवलेला कार्बोरेटर वर गेल्यावर पेट्रोलच्या मानाने कमी हवा देतो, म्हणजे मिश्रण श्रीमंत होते. थंडीचा परिणाम नेमका याच्या उलट असतो, कारण गार हवा दाट असते. हिवाळ्यात हे दोन्ही परिणाम एकमेकांना काही अंशी कापतात आणि तापलेली गाडी वरच्या थंडीतही बरी चालते. वर मुक्काम केल्यावर सकाळी चोक लागतो, पण खाली लागतो तितका वेळ लागत नाही, असे माझ्या गाडीबाबत तरी आहे. इंजेक्शनच्या गाड्यांना हवेचा दाब आणि तापमान सेन्सरकडून कळत असल्याने त्या ही जुळवाजुळव स्वतःच करतात.

आणखी एक गोष्ट धुक्यात घाट उतरणाऱ्यांसाठी. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता घेते, त्यामुळे कार्बोरेटरचा आतला भाग बाहेरच्या हवेपेक्षा बराच गार होतो. हवा दमट असेल, तर बाहेर ५-१० अंश असतानाही आत बारीक बर्फ धरू शकतो. थ्रॉटल बंद ठेवून लांब उतार उतरताना याची शक्यता जास्त असते. गाडी मिसिंग मारते, स्लो स्पीडला बंद पडते आणि पाच-दहा मिनिटे उभी केली की इंजिनाच्या उष्णतेने बर्फ वितळून काही झालेच नाही अशी चालू होते. मग मेकॅनिककडे नेल्यावर त्याला दोष सापडत नाही. साताऱ्यात खाली हा त्रास सहसा व्हायचा नाही.

शाहूपुरीकर

सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. रविवारी कोरेगावपर्यंत जाऊन येऊन प्लग काढून पाहिला, तो फिकट तपकिरी आहे आणि चोकचा प्लंजरही नीट बसतो. आणखी दोन शंका आहेत. सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला दुधाळ फेस दिसतो. हे इंजिन खराब होत असल्याचे लक्षण आहे का? तसेच ई-२० बद्दल कोणीच काही लिहिलेले नाही.

माहुली संगम

पांढरा धूर थोड्या वेळाने नाहीसा होत असेल तर ती पाण्याची वाफ आहे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. एरवी ते अदृश्य वाफेच्या रूपात निघून जाते, थंडीत मात्र सायलेन्सरमध्ये आणि बाहेर पडताच ती वाफ गार होऊन तिचे बारीक थेंब बनतात आणि धुक्यासारखे दिसतात. यातील थोडी वाफ पिस्टनच्या बाजूने खाली क्रँककेसमध्येही (इंजिनाच्या ऑइल असलेल्या खालच्या भागात) उतरते आणि इंजिन पुरेसे तापत नसल्यामुळे उडून न जाता ऑइलशी मिसळून झाकणापाशी फेस धरते. तुमचे इंजिन हवेवर थंड होणारे आहे, त्यात कूलंट नाहीच, त्यामुळे कूलंट ऑइलमध्ये शिरल्याची भीती बाळगू नका. मात्र आठवड्यातून एकदा गाडी वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालवा आणि अशा वापरात ऑइल किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न पाहता मुदतीवर बदला. निळसर धूर असेल आणि तो गाडी तापल्यावरही राहत असेल, तर ऑइल जळते आहे. ते प्रकरण वेगळे.

ई-२० पेट्रोल बाराही महिने तेच आहे, त्यामुळे दिवाळीनंतर सुरू होऊन महाशिवरात्रीला संपणाऱ्या घटीचा मुख्य दोष त्याला देता येणार नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडे कमी होते हे खरे, पण ते उन्हाळ्यातही होते. त्याची वाफ होण्यासाठी पेट्रोलच्या सुमारे अडीच पट उष्णता लागते, त्यामुळे सकाळची सुरुवात थोडी अवघड होत असावी, एवढाच त्याचा थंडीशी संबंध.

एका गोष्टीकडे मात्र वरच्या कोणीच लक्ष दिलेले नाही, ती म्हणजे टायरमधील हवा. दुपारी ३० अंशांत ३० पीएसआय भरलेली हवा पहाटे १० अंशांना सुमारे २७ पीएसआय होते आणि नायट्रोजन भरला तरी हा नियम बदलत नाही. त्यावर महिनाभर हवा तपासलीच नाही, तर आपोआप गळालेली हवा आणखी वेगळी. कमी हवेचा टायर जास्त दबतो आणि तेवढे पेट्रोल जास्त जाते. हवा सकाळी, गाडी फारशी चाललेली नसताना तपासावी. कृष्णाकाठ यांच्या १० मिलिलिटरपैकी एखाददुसरा मिलिलिटर टायरच्याच खात्यात असू शकेल.

मेहुण्यांचे अ‍ॅव्हरेज थंडीत लिटरला दोन किलोमीटरने कमी होते, तेही सगळे थंडीमुळे असेल असे मला वाटत नाही. मी त्याच रस्त्याने जातो. गळीत हंगामात त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, त्यांच्यामागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर रांगत जायचे आणि जागा मिळताच थ्रॉटल पिळून पुढे काढायचे, असे चालते. हंगाम आणि थंडी एकाच सुमारास येत असल्याने हिशेबात दोन्ही मिसळतात. कारखाना बंद झाल्यावर आणि उन्हाळा तापण्यापूर्वी मधले काही दिवस मिळतात, तेव्हाचे अ‍ॅव्हरेज त्यांना विचारून पाहा. मोजताना दोघांनीही एकाच पंपावर, गाडी मेन स्टँडवर उभी करून, टाकीतल्या एकाच खुणेपर्यंत पेट्रोल भरावे. साइड स्टँडवर कललेल्या टाकीत पातळी वेगळी दिसते आणि तुमच्यासारख्या कमी वापरात तेवढ्यानेही आकडा बराच हलतो.