देवबागच्या खानावळीची वेबसाइट: डिझायनरचं कोटेशन बघून डोकं चक्रावलंय, सल्ला द्या

देवबागचो झील
नमस्कार मंडळी. देवबागला आमची घरगुती खानावळ आहे, आई-बाबा आणि काकी चालवतात, मी पुण्यात नोकरीला असतो आणि सीझनला जाऊन गल्ल्यावर बसतो. मासे थाळी, कोंबडी वडे, सोलकढी, एवढाच कारभार. सध्या गिऱ्हाईक येतं ते आजूबाजूच्या होमस्टेवाल्यांच्या सांगण्यावरून, आणि थोडं गूगल मॅपवर बघून. मला वाटतं आता एक स्वतःची वेबसाइट हवी. बाबांचं म्हणणं, "गिरायका वासार येतत रे, तुका वेबसायट कित्याक व्हयी?"

एका डिझायनरने ४५ हजारांचं कोटेशन दिलंय. त्यात उघडल्या उघडल्या समुद्राचा ड्रोन व्हिडिओ, मागे संगीत, मेन्यू पुस्तकासारखा पान उलटत जाणारा, ऑनलाइन टेबल बुकिंग, 'आमची कहाणी' नावाचं पान आणि एक चॅटबॉट. दिसायला भारीच आहे, खोटं कशाला बोलू. पण सहा टेबलांच्या खानावळीला चॅटबॉट म्हणजे जरा जास्तच होतंय का? नक्की काय ठेवू आणि काय काढू? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा प्लीज.

वेबवाला_कोथरूड
चॅटबॉट आधी काढ. मग व्हिडिओ. मग पान उलटणारा मेन्यू. संगीताचं टेन्शन घेऊ नको, आवाजासकट आपोआप वाजणारा व्हिडिओ मोबाइलवर ब्राउझर तसाही अडवतो, म्हणजे तू पैसे देणार आणि ऐकणार कोणीच नाही.

आता तुझी साइट कोण उघडणार ते डोळ्यासमोर आण. मुंबई-गोवा हायवेवरून कसालला मालवणसाठी वळलेली गाडी, दुपारचा एक वाजलाय, मागच्या सीटवर पोरं भुकेने किरकिर करतायत, पुढे बसलेल्या बाईच्या हातात फोन आणि नेटवर्कची एक काडी येतेय-जातेय. तिला चारच गोष्टी हव्यात: आत्ता चालू आहे का, आज काय आहे, केवढ्याला आहे आणि यायचं कसं. ही चार उत्तरं स्क्रीनवर बोट न सरकवता दिसली पाहिजेत. 'आमची कहाणी' जेवून झाल्यावर वाचतील, वाचायची असेल तर.

मेन्यू पीडीएफमध्ये किंवा फोटोत टाकू नको, साधा टाइप केलेला मजकूर ठेव. पीडीएफ आधी डाउनलोड होणार, मग दोन बोटांनी मोठा करत, डावीकडे-उजवीकडे सरकवत सुरमईचा भाव शोधायचा, तोवर गाडी दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणात लागलेली असते. शिवाय 'देवबाग मासे थाळी' असं कोणी शोधलं तर पानावर ते शब्द अक्षरांत असले की सर्चला सरळ सापडतात, फोटोतल्या अक्षरांचा काही भरवसा नाही.

फोटोंचं पण सांगतो. फोनमधून काढलेला फोटो तसाच चढवला तर एकेक चार-पाच एमबीचा असतो, आणि असे दहा फोटो म्हणजे तिकडच्या नेटवर्कवर पान उघडणारच नाही. वेबपी फॉरमॅटमध्ये करून शंभर-दोनशे केबीपर्यंत आण, फोनवर बघणाऱ्याला फरक कळत पण नाही. गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स फुकट आहे, त्यात पत्ता टाकून बघ, पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा असा त्यांचा निकष आहे. तुझ्या डिझायनरला आधी केलेल्या एखाद्या साइटचा आकडा दाखवायला सांग, चेहरा बघ फक्त.

खवय्यी_ठाणे
मी गिऱ्हाईक म्हणून बोलते. आमच्या घरात सासूबाई शाकाहारी, आणि दरवेळी मालवणला गेलो की हाच प्रश्न, त्यांना काय मिळेल? शाकाहारी थाळी आहे का, तिचं तेल-तवा वेगळा असतो का, हे कोणी लिहीतच नाही, फोन केला तर "या हो, करून देऊ" म्हणतात आणि पानात येते ती डाळ आणि बटाट्याची भाजी. जे आहे ते खरं लिहा. वेगळं स्वयंपाकघर नसेल तर तसं लिहा, आम्ही आमचं ठरवू.

आणि हो, "रेट साइजप्रमाणे" हे ठीक आहे पण अंदाज तरी द्या! सुरमई थाळी साधारण अमुक ते तमुक एवढं लिहायला काय जातं? बिल आल्यावर नवऱ्याचं तोंड बघण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. पायऱ्या किती आहेत, बाथरूम कसं आहे, गाडी लावायला जागा आहे का, म्हाताऱ्या माणसांना घेऊन येणारे हेच बघतात. ड्रोनमधून समुद्र कशाला, समुद्र काय तिथे आल्यावर दिसतोच की.

तांबडा_पांढरा
कोल्हापुरात माझं मटणाचं हॉटेल आहे. माझं मत जरा वेगळं आहे, तू आधी वेबसाइटचा नाद सोड आणि गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगल मॅपवर दिसणारी तुझ्या धंद्याची माहिती, नीट भर. फुकट आहे, आणि माझ्याकडे येणारं नवीन गिऱ्हाईक बहुतेक तिथूनच येतं. वेळा भर, मेन्यू भर, फोटो तुझे तू टाक, नाहीतर गिऱ्हाइकांनी टाकलेले अर्ध्या खाल्लेल्या ताटाचेच दिसत राहतात. बंद असशील तेव्हा विशेष वेळांमध्ये तारीख टाकायची सोय आहे ती वापर. आमच्याकडे श्रावण लागला की धंदा निम्म्यावर येतो, तुमच्याकडे पण वेगळं नसणार, मग त्या दिवसांत एकच वेळ चालू ठेवत असाल तर तसं तिथे दिसू दे. लांबून आलेला माणूस कुलूप बघून परत गेला तर जाता जाता एक स्टार देऊन जातो.

मॅपवरची पिन पण तपास. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे चिंचोळी पट्टी, रस्ता एकच. पिन पुढे-मागे पडली तर गाडी संगमापर्यंत जाऊन उलटी फिरवायला लागते. मिनीबस वळते का तेपण लिही.

वेबवाला_कोथरूड
तांबडा_पांढरा दादा, प्रोफाइल हवीच, त्यात वादच नाही. पण फक्त त्याच्यावर बसून राहू नये. याच प्रोफाइलमधून गूगल पूर्वी फुकट एक पानी वेबसाइट बनवून द्यायचं, मार्च २०२४ मध्ये ती सोय बंद केली. कितीतरी छोट्या धंद्यांनी कार्डावर, पाटीवर तोच पत्ता छापलेला होता. दुसऱ्याच्या जागेवर दुकान मांडलं की हे होणारच. डॉट इन डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःचा पत्ता, वर्षाला हजाराच्या आसपास पडतं, फक्त ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घे. डिझायनरच्या नावावर असलं आणि उद्या त्याने फोन उचलणं बंद केलं की पत्ता गेला.

देवबागचो झील
सगळ्यांचे आभार, चॅटबॉट आणि व्हिडिओ कटाप. पण एक खरी अडचण सांगतो. आमच्याकडे मेन्यू रोज बदलतो. सकाळी बाबा लिलावाला जातात, जे बरं मिळेल ते आणतात, कधी सुरमई, कधी नुसता बांगडा, कधी तिसऱ्या. आणि किती आणायचं हे अंदाजावरच, मग कधी मासा उरतो तर कधी दीड वाजताच संपतो आणि लोक नाराज होऊन जातात. वेबसाइटवर मेन्यू लिहायचा तरी कसा? ऑनलाइन बुकिंगने हे सुटेल का?

मालवणी_मेवा
अरे मग तुझ्या वेबसाइटचं कामच हे आहे!! आमचा होमस्टे आहे तारकर्लीला म्हणून सांगते. टेबल बुकिंगचं सॉफ्टवेअर घेशील आणि ते बघणार कोण, काकी चुलीपुढून उठून? तुला टेबल भरायचंच नाहीये, तुला सकाळी माणसं मोजायचीयत. तेव्हा सगळ्यात वर एकच मोठं बटण, "जेवायला येताय? सकाळी नऊच्या आत कळवा", दाबलं की थेट फोन. त्याच्या बाजूला व्हॉट्सअॅपचं बटण, डब्ल्यूए डॉट मी ची लिंक असते, तिच्यापुढे ९१ लावून नंबर टाकायचा, अधिकचं चिन्ह नको, शून्य नको, आणि तयार मेसेज पण घालता येतो: "आम्ही __ जण, __ वाजता, शाकाहारी __". गिऱ्हाईक आकडे भरतं आणि पाठवतं. बाबा लिलावाला उभे राहायच्या आधी हातात आकडा असेल तर मासा उरणार पण नाही आणि कमी पण पडणार नाही. आमच्या शेजारची खानावळ फोनवर अशीच चालते, वही घेऊन.

रोजच्या मेन्यूसाठी दोन भाग कर. कोंबडी वडे, सोलकढी, शाकाहारी थाळी हे कायमचं, भावासकट लिहून टाक. आणि वर एक ओळ "आज काय आहे", ती तारखेसकट. ती ओळ गूगल शीटमधून उचलायची सोय वेबवाले करून देतात, म्हणजे बाबांनी तुला फोन केला की तू पुण्यातून शीटमध्ये दोन शब्द बदलायचे, झालं. पण तारीख हवीच हवी. तीन दिवसांपूर्वीचं पापलेट बघून कोणी आलं तर शिव्या खाशील. आणि रोज जमणार नसेल तर ती ओळ ठेवूच नको, सरळ "आजचा मासा फोनवर विचारा" लिही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, हे शहरातल्या लोकांना माहीतच नसतं, जूनमध्ये येऊन सुरमई मागतात. तेव्हा खाडीतला मासा, सुका बांगडा, कोंबडी असं जे असेल ते त्या दोन महिन्यांत वर लिहून ठेव. कारण सांगितलं की लोक समजून घेतात, उलट कौतुकाने सुकटपण मागतात.

अक्षरवेडा
एक राहिलं, मराठीचं. छापील मेन्यूकार्ड तुमच्या प्रेसवाल्याने श्रीलिपी या छपाईच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फॉन्टमध्ये केलं असेल तर त्यातला मजकूर कॉपी करून साइटवर टाकला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो, कारण ते युनिकोड, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखं दिसणारं टायपिंग, नाही. कन्व्हर्टर मिळतात पण तुमचा मेन्यू पंचवीस-तीस ओळींचा असेल, हातानेच पुन्हा टाइप करा. फॉन्ट गूगल फॉन्ट्सवरचा, 'एक टाइप' नावाच्या फॉन्टवाल्यांनी केलेला 'मुक्त' घ्या, फुकट आहे आणि छोट्या स्क्रीनवर छान वाचता येतो.

आणि डिझायनर लोकांची एक खोड असते, स्टायलिश दिसावं म्हणून शीर्षकाच्या अक्षरांमधलं अंतर वाढवतात. इंग्रजीत खपतं, देवनागरीत शिरोरेषाच तुटते, "सो ल क ढी" असं सुटं सुटं दिसतं. लेटर स्पेसिंग शून्य ठेवायला सांगा, दोन ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. बेळगाव-हुबळीकडचे लोक बरेच येत असतील तर इंग्रजी पान पण द्या, तेवढं पुरे.

तांबडा_पांढरा
एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ आकडी नंबर पण खाली टाक. बिलावर तर १ जानेवारी २०२२ पासून लागतोच, साइटवर दिसला की सहलवाले, कंपनीवाले जरा निर्धास्त होतात, त्यांना बिल पण व्यवस्थित लागतं.

देवबागचो झील
नऊच्या आतलं बटण एकदम पटलं, बाबांना पण फोनवर सांगितलं तर म्हणाले ह्यां बरां आसा. डिझायनरला कळवलंय की एकच पान, दोन बटणं, मेन्यू मजकुरात, डोमेन माझ्या नावावर. त्याने कोटेशन १२ हजारांवर आणलं आणि वर विचारतोय फोटोग्राफर पाठवू का, त्याचे वेगळे आठ.

खवय्यी_ठाणे
फोटोग्राफर नको. पडवीत सकाळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, तुमच्या रोजच्या स्टीलच्या ताटाचा काढा. हॉटेलातल्या काळ्या पाटीवर ठेवलेली सुरमई बघून आम्ही येतो आणि ताट वेगळंच येतं. आणि कुर्ल्या असतील तेव्हा "आज काय आहे" मध्ये नक्की लिहा, त्यासाठी मी कुडाळला गाडीतून उतरल्या उतरल्या फोन करेन.

मालवणी_मेवा
उतरल्यावर नाही ताई, नऊच्या आत 😄