एव्हर्टन-लिव्हरपूलची खुन्नस इथे बसून कळते का?

रेडबाजू:
आपल्याकडचे लिव्हरपूल फुटबॉल क्लबवाले मँचेस्टर युनायटेडच्या सामन्याला जेवढे पेटतात त्याच्या निम्मेही एव्हर्टनच्या सामन्याला पेटत नाहीत. डिसेंबर २०१८ मध्ये एव्हर्टनविरुद्ध आपल्या ओरिगीने ९६व्या मिनिटाला गोल मारला तेव्हा आपल्याकडेही जल्लोष झाला. पण समोर बर्नलीसारखा दुसरा कुठला संघ असता तरी तो तेवढाच झाला असता असं वाटतं. दोन्ही क्लब ज्या लिव्हरपूल शहरातले, तिथली माणसं मात्र एव्हर्टनचा सामना वेगळाच मानतात. हा फरक नेमका कशातून येतो? लांबच्या चाहत्याला ही खुन्नस खरोखर जाणवू शकते का, की आपण फक्त निकालावर खूश-नाखूश होतो? आणि जाणवू शकत असेल तर काय वाचावं, काय बघावं?

मर्सीकाठ:
आधी मुळाशी जाऊ. १८८४ ते १८९२ अॅनफिल्ड, म्हणजे आजचं लिव्हरपूलचं मैदान, हे एव्हर्टनचं मैदान होतं. मैदानमालक जॉन हौल्डिंगशी भाड्यावरून आणि क्लबच्या कारभारावरून बिनसलं, तेव्हा एव्हर्टन स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे गुडिसन या नव्या मैदानावर गेला. रिकाम्या मैदानासाठी हौल्डिंगने नवा क्लब काढला, तो लिव्हरपूल. म्हणजे हे दोन गावांचं वैर नाही, एका घराची वाटणी आहे. ग्लासगोतल्या सेल्टिक-रेंजर्ससारखी कॅथलिक-प्रोटेस्टंट अशी धर्माची सरळ रेघही इथे नाही. त्यामुळे एकाच घरात एक भाऊ लाल आणि एक निळा हे तिथे सर्रास दिसतं. सामना संपला की हरलेला आणि जिंकलेला एकाच टेबलावर जेवतात, सोमवारी एकाच कामावर जातात. डर्बीची, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबांच्या लढतीची, खरी धार त्या सोमवारला असते आणि नेमका तोच भाग टीव्हीवर दिसत नाही.

युनायटेडशी असलेलं वैर मात्र टीव्हीवरून पोचतं. त्यालाही स्थानिक इतिहास आहेच. लिव्हरपूल बंदराला वळसा घालून माल थेट आत नेणारा मँचेस्टर शिप कॅनाल १८९४ मध्ये सुरू झाला. पण आजची आग करंडकांची आहे. लिव्हरपूलने २०२५ मध्ये लीग जिंकली आणि दोघांची २०-२० विजेतेपदं झाली. हा हिशोब पुण्यातल्या माणसालाही लागतो. एव्हर्टनचं शेवटचं लीग विजेतेपद १९८७ चं आणि शेवटचा मोठा करंडक १९९५ चा एफए कप. २००५ नंतर बघायला लागलेल्याने एव्हर्टनला शर्यतीत कधी पाहिलेलंच नाही. म्हणून जाणवत नसेल तर ते अगदी स्वाभाविक आहे.

निळ्यांच्या मनातली सल समजून घ्यायची असेल तर १९८५ बघा. एव्हर्टनने १३ गुणांच्या फरकाने लीग जिंकली, दुसरा लिव्हरपूल. १५ मे रोजी रॉटरडॅममध्ये रॅपिड व्हिएन्नाला ३-१ हरवून कप विनर्स कप ही युरोपातली स्पर्धाही जिंकली. दोनच आठवड्यांनी, २९ मे रोजी, ब्रुसेल्सच्या हायझेल स्टेडियमवर लिव्हरपूल-युव्हेंटस सामन्याआधी लिव्हरपूलच्या चाहत्यांनी केलेल्या हल्ल्यात ३९ माणसं मेली आणि इंग्लिश क्लबांवर युरोपबंदी आली. एव्हर्टनचा तो संघ, त्यांच्या इतिहासातला सर्वोत्तम, युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, कधी खेळूच शकला नाही. १९८७ ला पुन्हा लीग जिंकली, तेव्हाही बंदी कायम होती. त्या वयाच्या एव्हर्टनवाल्यासमोर हा विषय निघाला की हवा बदलते.

आणि दुसरी बाजू १९८९ ची. शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियमवर लिव्हरपूलचे चाहते गर्दीत चेंगरून मेले, त्यानंतर अॅनफिल्डपासून गुडिसनपर्यंत स्टॅन्ली पार्कमधून लाल-निळ्या मफलरींची सलग रांग बांधली गेली. लिव्हरपूलचा त्यानंतरचा पहिला स्पर्धात्मक सामना ३ मे रोजी गुडिसनलाच झाला, ०-०. मग २० मेला एफए कपचा अंतिम सामनाही या दोघांतच, लिव्हरपूल ३-२. २००७ मध्ये अकरा वर्षांच्या एका एव्हर्टनवेड्या मुलाचा गोळी लागून मृत्यू झाला, तेव्हा अॅनफिल्डवर चॅम्पियन्स लीगच्या सामन्याआधी एव्हर्टनची धून वाजवली गेली. हे दोन्ही एकत्र धरल्याशिवाय ही डर्बी समजत नाही. नुसता द्वेष शोधायला गेलात तर अर्धीच हाती लागेल.

पेठेतला_बॅक:
मर्सीकाठ यांचं बरोबर आहे, पण मला वाटतं अंतराला उगाच दोष दिला जातो. कोल्हापूरचा फुटबॉल घ्या. पाटाकडील म्हणजे मंगळवार पेठ, शिवाजी तरुण मंडळ म्हणजे शिवाजी पेठ. शाहू स्टेडियममध्ये दोघांचा सामना लागला की ईर्षा मैदानावर सुरू होत नाही, ती तालमीच्या कट्ट्यावरून येते आणि दुसऱ्या दिवशी परत कट्ट्यावर जाते. आता त्याच पेठेतला माणूस नोकरीसाठी पुण्याला किंवा दुबईला असतो आणि मोबाईलवर यूट्यूबला सामना बघतो. त्याची ईर्षा तसूभर कमी होत नाही, कारण समोरच्या पेठेतले मित्र त्याच्या व्हॉट्सअॅपवर असतात आणि शिट्टी वाजल्या वाजल्या मेसेज टाकतात.

तेव्हा अडचण किलोमीटरची नाही. आपल्याकडे लिव्हरपूलवाले ढिगाने आहेत आणि एव्हर्टनवाला शोधून सापडत नाही, ही अडचण आहे. ज्याच्यापुढे मान खाली घालावी लागेल असा ओळखीचा माणूसच नसेल तर ईर्षा येणार कुठून? युनायटेडवाले मात्र प्रत्येक ऑफिसात आणि प्रत्येक कॉलेजात आहेत. म्हणजे मुंबई-पुण्यातली लिव्हरपूल-युनायटेड खुन्नस उसनी नाही, ती इथल्या माणसांतली, इथलीच स्थानिक खुन्नस आहे. तिला कमी लेखू नका.

उशिराचा_किकऑफ:
प्रश्नात काय बघावं असं विचारलंय, तर मी सामन्यांवरून सांगतो. हायलाइट्सने काही होणार नाही. गोल कळतात, पण पहिल्या वीस मिनिटांतली धसमुसळी टॅकलिंग आणि त्यावर उठणारा आवाज कापला जातो. प्रीमियर लीगमध्ये सर्वांत जास्त लाल कार्डं याच लढतीत निघाली आहेत, ती का हे पूर्ण नव्वद मिनिटं बघितल्यावरच कळतं.

तीन सामने पूर्ण बघा. पहिला २४ एप्रिल २०२४, गुडिसन, एव्हर्टन २-०. त्या मोसमात एव्हर्टनचे आठ गुण कापले गेले होते आणि डोक्यावर लीगमधून घसरण्याची भीती होती. लिव्हरपूल विजेतेपदाच्या शर्यतीत होता. ब्रँथवेट आणि कॅल्व्हर्ट-लुइन यांचे गोल. त्या रात्री प्रेक्षक स्वतःच्या बचावापेक्षा लिव्हरपूलचं विजेतेपद हुकवल्याचा आनंद मोठ्याने गात होते, ते ऐका. दुसरा १२ फेब्रुवारी २०२५, गुडिसनवरची पुरुष संघांची शेवटची डर्बी, २-२. एव्हर्टनच्या टार्कोव्हस्कीचा बरोबरीचा गोल ९८व्या मिनिटाला. शिट्टीनंतर एव्हर्टनचा डुकुरे लिव्हरपूलच्या प्रेक्षकांसमोर जाऊन नाचला आणि त्याच्यावर धावून गेला तो लिव्हरपूलचा कर्टिस जोन्स, याच शहरात जन्मलेला. दोघांनाही लाल कार्ड, लिव्हरपूलचे प्रशिक्षक स्लॉट यांनाही. तिसरा फेब्रुवारी २०२१, अॅनफिल्डवर एव्हर्टन २-०. १९९९ नंतर तिथला पहिला विजय, आणि कोविडमुळे स्टेडियम रिकामं. ज्यांनी एकवीस वर्षं वाट बघितली त्यांच्यापैकी एकही तिथे नव्हता. निळ्यांच्या वाट्याला आलेलं नशीब या एका सामन्यात कळतं.

वेळेचं गणित: इंग्लंडमधला शनिवारी दुपारी साडेबाराचा सामना आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी ६ ला आणि मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर ५ ला लागतो. प्रक्षेपण अर्धा तास आधीच लावा. इंग्लिश समालोचन बंद करून फक्त स्टेडियमचा आवाज ठेवायची सोय असेल तर तीच वापरा.

सामन्याच्या आधी आठवडाभर लिव्हरपूल एको या तिथल्या वर्तमानपत्रातली एव्हर्टनची बाजू वाचा आणि एव्हर्टनवाल्यांचंच एखादं पॉडकास्ट ऐका. आपल्या बाजूचं ऐकून खुन्नस वाढत नाही, फक्त आत्मविश्वास वाढतो.

दक्षिण_स्टँड:
एक काळजीची गोष्ट. खुन्नस जाणवत नाही म्हणून ती ओढूनताणून आणायला गेलं की लांबचे चाहते हमखास चुकीच्या जागी जातात. समाजमाध्यमांवर हिल्सबरो किंवा हायझेलवरून टोमणे मारणारी खाती पाहा. मेलेल्या माणसांवरून घोषणा देणं हा इंग्लंडमध्ये पोलिसांत जाणारा गुन्हा आहे, त्यावर स्टेडियमबंदी होते. दुसरी चूक म्हणजे गरिबीवरून चिडवणं. बाहेरगावचे प्रेक्षक लिव्हरपूलच्या माणसाला भुकेवरून चिडवतात आणि तो लाल असो की निळा, दोघांनाही ते सारखंच लागतं. याच शहरात दोन्ही क्लबांच्या चाहत्यांनी २०१५ मध्ये मिळून फॅन्स सपोर्टिंग फूडबँक्स सुरू केलं. सामन्याच्या दिवशी स्टेडियमबाहेर धान्य आणि डबाबंद अन्न गोळा करतात. हिल्सबरोबद्दल खोटं छापलं म्हणून 'द सन' हे वर्तमानपत्र दोन्हीकडे चालत नाही. इथून त्याची लिंक टाकणारा लालवाला तिथल्या लालवाल्याला परका वाटतो, एव्हर्टनवाला तेवढा वाटत नाही.

उशिराचा_किकऑफ यांच्याशी एका बाबतीत मतभेद. सामने बघून समज येईल, सोमवार येणार नाही. ते मान्य करून बघणारा चाहता मला जास्त खरा वाटतो.

रेडबाजू:
पेठेतला_बॅक यांचा मुद्दा पटला, ऑफिसातल्या युनायटेडवाल्यांमुळेच आपण पेटतो. आता एकच विचारतो. प्रत्यक्ष डर्बीला जायचं असेल तर कितपत शक्य आहे?

मर्सीकाठ:
पुरुषांच्या डर्बीचं तिकीट फार अवघड. पाहुण्या संघाला साधारण ३,००० जागा मिळतात, किंमत ३० पौंडांवर बांधलेली आहे, पण ती आधीच्या हजेरीवर वाटली जातात, म्हणजे आपल्याला नाहीच. यजमान बाजूने क्लबचं सदस्यत्व घेऊन सोडतीत नाव घालता येतं, पण भरवसा धरू नका. बाहेरून चढ्या भावाने घेऊ नका. परवानगीशिवाय फुटबॉलची तिकिटं विकणं तिथे कायद्याने गुन्हा आहे आणि असं तिकीट गेटवर बाद होऊ शकतं. टीव्हीसाठी सामन्यांची तारीख-वेळ बदलते, म्हणून ती पक्की झाल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.

सोपा मार्ग महिलांच्या डर्बीचा. २०२५ पासून गुडिसन एव्हर्टनच्या महिला संघाचं मैदान आहे आणि तिकीट पुष्कळ सहज मिळतं. अॅनफिल्डवरून स्टॅन्ली पार्कमधून चालत जा, पाऊण तास हाताशी ठेवून सावकाश. पुरुष संघ आता ब्रॅमली-मूर गोदीतल्या हिल डिकिन्सन स्टेडियममध्ये खेळतो, सुमारे ५३,००० जागांचं. तिथे सँडहिल्स स्टेशनवर उतरून चालत जायचं. सामन्यानंतर त्या स्टेशनवर लांब रांगा लागतात, परतीची गाडी पकडायची असेल तर तेवढा वेळ धरा.