इतरांचे पिणे आपल्याला इतके का दिसते?

कृष्णाकाठ (सांगली) यांचा प्रश्न

माझी दारू सुटून येत्या श्रावणात चार वर्षे पूर्ण होतील. स्वतःविषयी माझी तक्रार नाही. विचारायचे आहे ते दुसऱ्यांच्या पिण्याविषयी. मागच्या महिन्यात तासगाव तालुक्यात सासुरवाडीच्या एका लग्नात, हळदीच्या रात्री, शेडमागे बसलेल्या मंडळींपासून मी चांगला लांब होतो, हातात सोडा होता, आणि तरीही माझ्या धाकट्या मेहुण्याने किती ग्लास भरले, त्यांतल्या किती ग्लासांत पाणी घातलेच नाही आणि किती वेळा तो "गाडीतून चार्जर आणतो" म्हणून उठून गेला, हे सर्व मला दुसऱ्या दिवशी घडाघडा सांगता आले असते. चार्जर एकदाही आला नाही.

बाकीच्यांना यातले काहीच दिसले नाही. त्याची चार एकर द्राक्षबाग आहे, बेदाण्याला सौद्यात बरा दर मिळतो आणि पहाटे पाचला तो फवारणीचा ट्रॅक्टर घेऊन बागेत हजर असतो, त्यामुळे त्याला कोणी दारुडा म्हणणार नाही. मीसुद्धा कुपवाडच्या एमआयडीसीत अकरा वर्षे एकही पाळी न चुकवता पीत होतो. त्याला बाजूला घेऊन मी बोललो, तेव्हा तो हसून म्हणाला, "दाजी, तुम्ही सोडलीत म्हणून आता आम्ही सगळ्यांनी टाळ घ्यायचे का?"

पिणाऱ्याकडे पाहताना मला कधी किळस येते, कधी भीती वाटते आणि, लिहायला लाज वाटते, कधी चक्क हेवा वाटतो. दारू सोडलेल्या इतरांचेही असेच होते का? मला जे दिसते ते खरोखर तिथे असते, की आता सगळीकडे मला माझाच चेहरा दिसू लागला आहे?

अजिंक्यताऱ्याखालचा (सातारा)

हेव्याची लाज वाटून घेऊ नका. माझी सुटून चौदा वर्षे झाली. पहिली दोन वर्षे परमिट रूममधून बाहेर पडणारी माणसे पाहिली की, यांना दोनवर थांबता येते आणि मला का येत नव्हते, एवढा एकच प्रश्न मला पडे. हा हेवा मी किळस म्हणून दाखवत असे, कारण किळस दाखवली की आपण वरच्या पायरीवर उभे आहोत असे भासते. मी इतके टोमणे मारले की शेवटी मला गटारीचेच काय, बारशाचेही आमंत्रण येईना. (थोडे विषयांतर: आपल्या राज्यात पिण्याचा परवाना आरोग्य राखण्यासाठी म्हणून दिला जातो. ही भाषा ज्याने लिहिली, त्याच्या विनोदबुद्धीला माझा नमस्कार.)

आता मी ग्लास मोजत नाही. बाटली संपत आली की कोणाचा चेहरा बदलतो, तेवढे मात्र अजून नजरेत भरते. साधा पिणारा त्या वेळी ताटाकडे वळतो. आपल्यातला माणूस दुकान किती वाजता बंद होते ते विचारतो. तुमच्या मेहुण्याचा चार्जर याच जातीचा आहे, तेव्हा तुमची नजर चुकली असे मला वाटत नाही. परंतु नजर बरोबर ठरली म्हणून निकाल देण्याचा अधिकार मिळत नाही. ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेत "मी मद्यपी आहे" हे ज्याचे त्याने म्हणायचे असते, आणि पिणे थांबवण्याची इच्छा ही सभासदत्वाची एकमेव अट आहे.

ए.ए.च्या दोन संस्थापकांपैकी एक असलेल्या बिल विल्सनची हकिगत या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे. डिसेंबर १९३४ मध्ये दारू सुटल्यावर न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला हा माणूस पाचेक महिने दिसेल त्या पिणाऱ्याला गाठून उपदेश करत होता, आणि त्यांच्यापैकी एकाचीही सुटली नाही. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. सिल्कवर्थ यांनीच त्याला प्रवचने थांबवायला सांगितले. पुढे मे १९३५ मध्ये अ‍ॅक्रन शहरात त्याचा एक व्यवहार फसला, हॉटेलच्या बारमधला हास्यविनोद त्याला ओढू लागला, तेव्हा त्याने फोन फिरवून दुसरा पिणारा शोधला. ते होते दुसरे संस्थापक डॉ. बॉब स्मिथ. त्यांच्यापुढे तो स्वतःविषयीच बोलत राहिला, कारण त्या दिवशी वाचायचे होते ते त्यालाच. डॉ. बॉब यांच्या शेवटच्या पेयाचा दिवस, १० जून १९३५, हाच ए.ए.चा स्थापनादिन मानला जातो.

तुम्ही मेहुण्याला कोणाचे ग्लास मोजून दाखवलेत, त्याचे की तुमचे?

कराडची गृहिणी

मी दारू सोडलेल्या माणसाची पत्नी आहे. यजमानांची सुटून सहा वर्षे झाली आणि त्याचे मोल मला कळते. तरीही ते आता माझ्या भावाला, शेजाऱ्याला, टीव्हीवरच्या पुढाऱ्यालासुद्धा "पक्का अल्कोहोलिक" ठरवतात, तेव्हा माझ्या मनात येते की बारा वर्षे आम्ही यांचे मोजत होतो, पलंगाखालच्या आणि टाकीमागच्या चपट्या शोधत होतो, आणि त्या वेळी यांना तो आमचा संशयी स्वभाव वाटत होता. आमच्या गावात निम्म्याहून अधिक महिला मतदारांची मते मिळवून आम्ही बाटली आडवी केली, दुकान बंद झाले, आणि हे चार किलोमीटरवरच्या गावी जाऊन पीत राहिले. पहाऱ्याने काय होते हे ज्याने स्वतः अनुभवले आहे, त्याने दुसऱ्यावर पहारा ठेवावा याचे मला नवल वाटते.

भाऊ, तुमच्या मेहुण्याच्या बायकोशी तुमच्या पत्नीला बोलायला सांगा. त्या बाईने तुमच्यापेक्षा पुष्कळ अधिक मोजलेले असेल. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. तिथे पहिल्या दिवशी मी बोलायला लागले, ती थांबलेच नाही.

अधूनमधून

मी महिन्यातून एकदोनदा घेतो. दारू सोडलेला माझा जुना मित्र माझ्या ग्लासाकडे ज्या नजरेने पाहतो, त्यामुळे मी त्याच्यासमोर पिणे बंद केले आहे. इतरत्र सुरू आहे.

मिरजेचा डॉक्टर

प्रश्नातल्या शेवटच्या वाक्याला वैद्यकीय बाजूही आहे. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, प्रमाणाबाहेर पिणाऱ्या दहा प्रौढांपैकी नऊ जण व्यसनाधीनतेच्या कसोटीत बसत नव्हते. म्हणजे सोडलेल्या माणसाला जे जे आपल्यासारखे वाटतात, त्यांतले सगळे तसे नसतात. यकृत मात्र हा भेद पाळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'ऑडिट' या प्रश्नावलीत दहा प्रश्न आहेत आणि त्यांतले पहिले तीनच किती व किती वेळा पिता याविषयीचे आहेत. सुरू केल्यावर थांबता न येणे, सकाळी उठल्यावर लागणे, प्यायल्यामुळे कामे राहणे, घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी काळजी बोलून दाखवणे, हे बाकीच्यांत येते.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याला "आजपासून एकदम बंद कर" असे परस्पर सांगू नका, आणि जेवणातून गुपचूप गोळ्याही देऊ नका. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत कंप, भ्रम, ताप असा जिवावर बेतणारा प्रकार होऊ शकतो. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली 'परिवर्तन' ही व्यसनमुक्ती संस्था आहे, आणि १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे आभार. सातारकरांच्या प्रश्नाचे उत्तर असे की मी त्याचेच ग्लास मोजून दाखवले होते, तेही आकड्यासह.

काल औषधांच्या दुकानाशी मेहुणा भेटला, म्हणून चहाला बसलो. त्याने बशीत चहा ओतला नाही, कप दोन्ही हातांनी धरला. मी ते पाहिले आणि काही बोललो नाही. कुपवाडला असताना पहिल्या पाळीला मी डबा उघडायला सोबत्याला सांगत असे, तेवढे मात्र सांगितले. तो हसला नाही. रात्री दहानंतर त्याचा फोन आला आणि त्याने विचारले, "दाजी, सोडल्यावर तुम्हाला झोप कधी लागायला लागली?" मला नीट लागायला चार महिने लागले होते, तसे मी खरे सांगितले. "चार महिने," एवढे म्हणून त्याने फोन ठेवला. अजून पुन्हा आलेला नाही.